बंदूक चुकून सुटते का?

"सर, बंदूक चुकून सुटता?"

तिसऱ्या लेनवरच्या मुलीने विचारलं. तेरा-चौदा वर्षांची असेल. रायफल समोरच्या टेबलावर होती, पण तिने तिला हात लावला नव्हता. बाकीच्या तीन लेनवरची मुलं कधी एकदा नेम धरतो या घाईत होती.

मी नेहमीचं उत्तर दिलं. "बंदूक कधीच चुकून सुटत नाही. माणूस चुकतो."

हे वाक्य मी आर्मीत शेकडो वेळा म्हटलं आहे. मी आर्मरर होतो, सुभेदार म्हणून निवृत्त झालो. आर्मरर म्हणजे युनिटमधली हत्यारं तपासणारा आणि दुरुस्त करणारा माणूस. जवान लढतो, त्याची रायफल ऐनवेळी अडकू नये ही जबाबदारी आर्मररची. नवीन पोरं आली की त्यांच्यापुढे हे वाक्य टाकायचं. ती मान डोलावतात आणि काम पुढे सरकतं.

या मुलीने मान डोलावली नाही. "म्हणजे कोणी चाप ओढल्याशिवाय सुटणाच नाय?"

"नाही," मी म्हणालो आणि चौथ्या लेनकडे वळलो. बाहेर व्हरांड्यात अजून तीस मुलं रांगेत उभी होती.

पाच मिनिटांनी बघतो तर तिसरी लेन रिकामी.

तो आमचा मोफत शूटिंग डे होता. मालवणपासून आतल्या एका गावातल्या हायस्कूलचा हॉल आम्हाला रविवारपुरता मिळाला होता. आम्ही म्हणजे मी आणि माझी पुतणी रोझी. रोझी त्याच शाळेत पीटी शिकवते. कॉलेजात असताना ती स्टेट लेव्हलपर्यंत शूटिंग खेळलेली. कणकवलीच्या एका ओळखीच्या क्लबने चार एअर रायफली वापरायला दिल्या होत्या. एअर रायफलीत दारू नसते. हवेच्या दाबाने शिशाचा एक बारीक छर्रा सुटतो आणि दहा मीटरवरच्या कागदी टार्गेटला भोक पाडतो. आमच्या मुलांना हा खेळ टीव्हीवर दिसतो, हातात कधी येत नाही. तो एकदा तरी हातात यावा, एवढाच हेतू.

रोझी व्हरांड्यातून आत आली ती धावतच. "काका, सायली भायर रडता. माजो फोन घेवन आवशीक लावल्यान. तुमी काय सांगितलात तेका?" तिसऱ्या लेनवरची ती मुलगी म्हणजे सायली; तिने आईला फोन लावला होता.

"काय नाय. सेफ्टीचा सांगलंय."

"ता आवशीक म्हणता, काको खोटा बोललो. बंदूक चुकून सुटणाच नाय, सर स्वता म्हणाले."

मला काही समजेना. रोझीने मला कोपऱ्यात घेतलं आणि थोडक्यात सांगितलं. चार वर्षांपूर्वी सायलीचे वडील गोळी लागून गेले. डुकरं भातात शिरत होती म्हणून दोघे भाऊ शेतावर राखणीला गेले होते. पहाटे परत येताना धाकट्याच्या, म्हणजे सायलीचा काका बाळा याच्या, हातातली बंदूक सुटली. चुकून सुटली, असं त्याने पोलिसांना सांगितलं. निष्काळजीपणाची केस झाली, ती अजून तारखांवर आहे. दोन्ही घरं एकाच आवारात, पण बोलणं बंद. आणि दोघांच्या सामाईक काजूच्या बागेवरून गावात लोक नको ते बोलतात.

मी फायरिंग थांबवलं. चारही रायफली उघडून, रिकाम्या आहेत हे दाखवून टेबलावर ठेवल्या आणि मुलांना खाऊ खायला बाहेर पाठवलं. आजवर इतक्या रायफली दुरुस्त केल्या, पण माझ्या एका वाक्याने कुणाचं इतकं बिघडलेलं मी पाहिलं नव्हतं. आणि ते वाक्य पूर्ण खरंही नव्हतं, हे मला माहीत होतं.

सायलीची आई, सुनंदा, वीसेक मिनिटांत आली. शेजाऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून. साडीच्या निऱ्यांना शेतातली माती तशीच होती. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. थेट रोझीला म्हणाली, "टीचर, माजा चेडू हय कसा? मी तेका पाठवक नाय."

रोझीने कन्सेंट फॉर्म काढला. पालकांच्या सहीशिवाय आम्ही मुलांना हॉलमध्ये घेत नाही. फॉर्मवर सही होती. सुनंदाने ती बघितली. "ही सही माजी न्हय."

सायली भिंतीला टेकून उभी होती. "मीच केलंय," ती म्हणाली. "माका बघूचा होता."

"काय बघूचा होता गो तुका? बापाशीक मारलल्या वस्तूत बघूक काय आसा?"

"ती चुकून कशी सुटता, ता."

 सुनंदा पहिल्यांदा माझ्याकडे वळली. "सुभेदारानू, तुमी चेडवाक सांगितलात, बंदूक चुकून सुटणा नाय. आता माका सांगा. माज्या दिरान मुद्दाम मारल्यान?"

हेडमास्तर परब सर तोवर येऊन पोचले होते. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "सुभेदार, विषय वाढवू नका. अपघात होता म्हणा आणि मिटवून टाका. बाईंनाही बरं वाटेल."

"सर, अपघात होता हे मला कुठे माहीत आहे?"

"मग काय सांगणार?"

"जेवढं माहीत आहे तेवढं."

"बघा हं. शाळेचं नाव आहे."

आम्ही पाचजण आठवीच्या वर्गात बसलो. सुनंदा आणि सायली एका बाकावर, परब सर दाराशी, रोझी खिडकीत. मी फळ्याजवळ.

आधी मी चूक कबूल केली. "बाय, मी मघाशी बोललंय ता अर्धा खरा. हय जी बंदूक आसा, तिका नियम पाळले तर ती चुकून सुटणा नाय. पण सगळ्यो बंदुको तशो नसतत. तुमची कसली होती?"

"ठासणीची. सासऱ्यांच्या वक्ताची. शेतीरक्षणाचो परवानो होतो."

ठासणीची बंदूक म्हणजे जुनी, नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासून भरायची. तिचा घोडा, म्हणजे मागचा हातोडीसारखा भाग, बाहेरच असतो. त्याच्याखाली तांब्याची छोटी टोपी बसवतात. तिला केप म्हणतात. चाप ओढला की घोडा केपवर आपटतो, ठिणगी पडते, बार होतो. मी फळ्यावर चित्र काढलं. चित्रकला माझी बेताचीच, पण घोडा आणि केप नीट आले.

"आता बघा," मी म्हणालो. "भरलेल्या बंदुकीवर केप तशीच ठेवली आणि घोडो तिच्यावर टेकललो आसा. हो घोडो कशाततरी अडकलो. फांदी आसांदे, दगड आसांदे. थोडो वर उचाललो आणि सुटलो. तर तो केपवर आपटता. चापाक बोट लागाचीच गरज नाय."

सायली पुढे वाकली. "म्हणजे सुटता?"

"सुटता. अशो बंदुको माज्या हातात दुरुस्तीक इल्ल्यो आसत."

"म्हणजे काको खरा बोललो?"

इथे मी थांबलो. होय म्हणणं सोपं होतं. परब सर दारातून मान हलवून मला तेच सुचवत होते. "ता माका ठावक नाय बाय. ती बंदूक मी बघूक नाय. थय मी नव्हतंय. असा होऊ शकता, इतक्याच मी सांगतंय. तसाच झाला, असा सांगणंय नाय."

सुनंदा फळ्याकडे बघत होती. मग तिने विचारलं, "गडग्यावरून देताना अडकात?"

"कसलो गडगो?" गडगा म्हणजे शेताभोवतीची दगडांची भिंत.

"चिऱ्यांचो. हे आधी चढले. वर उभे रवले. बाळान खालसून बंदूक दिल्यान."

मी विचारलं, "नळीची बाजू कोणाकडे होती?" विचारल्यावर लगेच वाटलं, विचारायला नको होतं. कारण उत्तर मला दिसत होतं.

"पंचनाम्यात लिवलेला आसा," ती म्हणाली. पंचनामा तिला पाठ होता. "दस्तो बाळाच्या हातात. नळी ह्यांच्याकडे."

 बाहेर मुलांचा गलका चालला होता.

आर्मीत पहिल्या आठवड्यात शिकवतात, की हत्यार कधीही नळीकडून धरून आपल्याकडे घ्यायचं नाही. देणाऱ्याने आधी रिकामं करून दाखवायचं, घेणाऱ्याने स्वतः बघायचं, मग हात पुढे करायचा. या एका चुकीने गेलेले लोक मला माहीत आहेत. पण हे त्या माणसाच्या बायकोसमोर आणि मुलीसमोर कसं सांगायचं?

सायलीनेच विचारलं. "सर, मगे चूक कोणाची?"

मी तिच्यासमोरच्या बाकावर बसलो. उभं राहून सांगण्यासारखं ते नव्हतं. "देणाऱ्यान केप काढूक व्हयी होती. ती काढूक नाय. ती तेची चूक. आणि घेणाऱ्यान नळी आपल्याकडे करून घेवक नको होती. ती तुज्या बापाशीची चूक. दोघांयची. दोघांकय कोणी शिकवक नव्हता."

सायलीचे डोळे भरले. तिने आईकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही बाई उठेल आणि मला चार शब्द सुनावून जाईल. तिला तो हक्क होता.

सुनंदा पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. "ह्यांका सगळ्याची घाई," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "च्याचो कोप मी खाली ठेवच्या आधी हातातसून ओढून घेयत. दोनदा माजो हात भाजलो. मी म्हणा, अहो, देतंय मा, थांबा. पण नाय." तिने पदराचं टोक सोडलं. "बंदूकय तशीच ओढल्यानी आसतली."

मग ती रडली. सायली तिला बिलगली. रोझीने खिडकीबाहेर तोंड फिरवलं. परब सर हळूच बाहेर गेले आणि थोड्या वेळाने स्वतः पाण्याचा तांब्या घेऊन आले.

पाणी पिऊन झाल्यावर सुनंदाने रोझीकडे फॉर्म मागितला. सायलीने केलेली सही तिने खोडली आणि शेजारी आपली केली. सावकाश, एकेक अक्षर जोडत. "परत माजी सही केलंस तर बघ," ती लेकीला म्हणाली. मग मला, "तेका शिकवा. पयला ता, हातात कशी घेवची."

आम्ही पुन्हा लाइन सुरू केली. सायलीला मी तिसऱ्या लेनवर परत उभं केलं. आधी दहा मिनिटं फक्त रायफल द्यायची आणि घ्यायची. मी उघडून दाखवायचं, तिने आत वाकून बघायचं, "बघितलंय" म्हणायचं, मग हात पुढे. सुनंदा मागच्या खुर्चीवर बसून प्रत्येक वेळी तिच्याबरोबर मान वाकवत होती. नंतर सायलीने पाच छर्रे मारले. दोन टार्गेटला लागले, तीन मागच्या फळीत गेले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मायलेकी थांबल्या आणि शाळेच्या उसळ-भाताला न थांबता चालतच घरी गेल्या. स्कूटरवाला कधीच निघून गेला होता.

पंधरा दिवसांनी मी घरी पडवीत एक शिवणयंत्र उघडून बसलो होतो. निवृत्तीनंतर लोक माझ्याकडे शिवणयंत्रं, पंप, काय काय आणतात. फाटकाशी एक माणूस बराच वेळ उभा होता. मीच हाक मारली, "येवा, काय काम आसा?"

"मी बाळा," तो म्हणाला. "सायलीचो काको."

चाळिशीचा असेल, पण केस बरेच पिकलेले. बस म्हटलं तरी बसला नाही. खांब धरून उभा राहिला.

"चेडू चार वर्षांनी माज्याशी बोलला. कुंपणाकडे येवन म्हणाला, काका, घोडो अडाकलो तर बोट लागल्याशिवाय सुटता. सरांनी सांगितल्यानी." त्याने माझ्याकडे पाहिलं. "ता खरा?"

"होऊ शकता. तुमच्या वेळी तसाच झाला काय, ता माका ठावक नाय."

"माकाय ठावक नाय," तो म्हणाला. "पोलिसांका मी सांगितलंय, चुकून सुटली. पण माजा बोट खंय होता, ता माका आठवणा नाय. चार वर्षां रोज आठवक बघतंय. कधी वाटता चापावर होता, कधी वाटता नव्हता."

मी यंत्र बाजूला ठेवलं. त्याला चित्र काढून दाखवलं, फळा नव्हता म्हणून जुन्या वर्तमानपत्राच्या कडेला. तो बघत राहिला. मी त्याला दिलासा दिला नाही, कारण माझ्याकडे तो नव्हता.

"मगे मी वयनीक काय सांगू?" त्याने विचारलं.

"आठवणा नाय, ता सांग."

"तितक्याच?"

"तितक्याच. ता तरी खरा आसा."

तो गेला. पुढचं मला रोझीकडून कळलं. त्याच संध्याकाळी तो वहिनीच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, जाऊन उभा राहिला आणि तेवढंच बोलला. सुनंदाने त्याला आत बोलावलं नाही. पण बाहेर चहा आणून दिला. यंदाच्या काजूच्या हंगामात दोन्ही घरांनी बी एकत्र वेचली. केस अजून तारखांवर आहे. कोर्टाचं कोर्ट बघेल.

आमच्या शूटिंग डेला आता पहिला अर्धा तास कोणीही नेम धरत नाही, फक्त रायफल द्यायची आणि घ्यायची. मुलं कंटाळतात. कंटाळू देत.

आर्मीत मला शिकवलं होतं की हत्याराबद्दल कोणी काही विचारलं, तर खात्रीने बोल. ते बरोबरच आहे. फक्त खात्री जिथे संपते, तिथे थांबायलाही शिकवायला हवं होतं.