कूलरसमोरचा अखंड दिवा

आमच्या घरी घट बसतात ते आश्विनात. चैत्रातलं नवरात्र आमचं नाही, इकडच्यांचं आहे. रायपुरात चैत्र लागला की देवळादेवळांतून नवसाच्या अखंड जोती लागतात आणि आम्ही नागपूरकडून आलेले लोक दर्शन घेऊन, प्रसाद खाऊन घरी येतो. इतक्या वर्षांत आईने चैत्रात घरी दिवा बसवल्याचं मला आठवत नाही. पण मागच्या आश्विनात बाबा दवाखान्यात होते, घट राहून गेले आणि ते आईने मनाला लावून घेतलं.

बाबांची फुप्फुसं आतून कडक होत चालली आहेत, हा आजार मागे फिरत नाही, आता घरीच ठेवा, असं डॉक्टरांनी आम्हा दोघींना समोर बसवून सांगितलं. आईने त्यातलं आपल्याला हवं तेवढं ऐकलं. परत येताना ऑटोत म्हणाली, "घट राहिले न वं आपले. म्हणूनच झालं हे. चैत्रात अखंड दिवा लावतो मी. नऊ दिवस विझला नाही, तर हे उठून बसतीन."

मला संताप आला. मी देवाधर्मातली नाही आणि डॉक्टरांचं बोलणं माझ्या कानात अजून वाजत होतं. तरी मी स्वतःला आवरून म्हटलं, देवीच्या देवळात जोतीसाठी नाव देऊ, तिथले लोक रात्रंदिवस जोत सांभाळतात, तुला जागायला नको. आईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "माणूस आपला, तर दिवा आपल्या घरी," म्हणाली. विषय संपला.

शंकर नगरातला आमचा फ्लॅट दोन खोल्यांचा. आतल्या खोलीत बाबांची खाट आणि खाटेजवळ भाड्याने आणलेलं ऑक्सिजनचं मशीन. मशीनवाल्याने बजावून ठेवलं होतं की याच्या आसपास काडीसुद्धा ओढायची नाही. म्हणजे दिवा आत नको. राहिली बाहेरची खोली, तिथे देव आहेत, तिथेच बसवायचा. पण बाहेरच्या खोलीला बाल्कनी, बाल्कनीच्या खिडकीत कूलर आणि कूलरचा वारा देवांसमोरून सरळ आतल्या दारातून बाबांच्या तोंडावर. खाटच आम्ही तशी लावून घेतली होती. रायपूरचा चैत्र ज्याने काढला आहे त्याला यापेक्षा जास्त सांगायला नको.

नवरात्राच्या आदल्या दिवशी आईने देव पुसले, चौरंग मांडला आणि जाऊन कूलरचं बटण बंद केलं.

आतून आवाज आला, "काहून बंद करून राहिली?"

"दिवा राहीन का त्याच्यापुढे? नऊ दिवस सहन करा जरासं."

"मले वारा पाहिजे."

"मशीन लावलं आहे न नाकाले! त्याच्यातून येते न हवा."

"ते नाकात येते," बाबा थांबले, दम घेतला. "तोंडावर नाही येत."

मी उठून कूलर लावला. आईने बंद केला. मी पुन्हा लावला. दोघी शिकल्यासवरल्या बायका, पण बटणावर हात ठेवून अशा उभ्या होतो की कोणी पाहिलं असतं तर हसलं असतं. मी तोंडाचा पट्टा सोडला, त्यांच्यासाठी दिवा लावतेस आणि त्यांचाच श्वास कोंडतेस, असलं बरंच काही बोलले. आई रडली नाही. एवढंच म्हणाली, "तुले काय करायचं आहे मग? नुसतं पाहत बसायचं आहे?" आणि खरं सांगायचं तर मी तेवढंच करत होते. तिच्याजवळ निदान दिवा तरी होता.

भांडण बाबांनी तोडलं. खाटेवरूनच म्हणाले, "दोन्ही होते. कंदील काढ."

बाबा रेल्वेत गार्ड होते. नोकरी सुरू केली तेव्हा हातबत्ती घासलेटची असायची, चालत्या गाडीतून बाहेर धरायची आणि विझू द्यायची नाही. घरातला कंदील आमच्या माळ्यावर कधीपासून पडून होता. मी तो काढला, पुसला. पण आईचं दुसरंच सुरू झालं: घासलेटचा दिवा देवापुढे चालत नाही. मी शिवायला टाकलेलं ब्लाउज आणायला पंडरीच्या कापडबाजारात जाऊन परत येईपर्यंत तिने कंदिलाच्या टाकीत चांगलं गळ्यापर्यंत तिळाचं तेल भरून ठेवलं होतं. वात पेटवली तर ज्योत शेंगदाण्याएवढी. जरा वेळ जळली, मग नुसता धूर. काच काळी ठिक्कर. आईने घाईघाईत ती गरम काच नळाखाली धरली आणि तिला वरपासून खालपर्यंत तडा गेला.

बाबा हसायला लागले. हसता हसता खोकला सुरू झाला, तो थांबेना, आम्ही दोघी घाबरलो. खोकला बसल्यावर म्हणाले, "जाड तेल चढत नाही वर. घासलेट पातळ, ते चढते." आणि थोड्या वेळाने, "कंदील राहू दे. नुसती काच आण नवी."

काच शोधायला मी ब्राह्मणपाऱ्यात गेले. पूजेच्या सामानाच्या दुकानदाराने मला वरून खालपर्यंत न्याहाळलं. "दीदी, कंदील का काँच अब कौन लेता है? सेल वाली जोत ले जाओ. नौ दिन क्या, नौ महीने नहीं बुझेगी." मला वाटलं, घ्यावी आणि आईपुढे नेऊन आपटावी. पण त्याने माळ्यावर चढून, वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक काच काढून दिली. ऑटोत ती मांडीवर धरून मी घरी आले.

मग संध्याकाळभर जे चाललं ते मी कधी विसरणार नाही. बाहेरच्या खोलीत मी आणि आई जमिनीवर, आणि आत खाटेवर तीन उश्यांना टेकून बाबा, दारातून आमच्याकडे पाहत. आईचा पितळेचा वाटीएवढा दिवा घेतला, तेल घातलं, कापसाची जाड वात. दिवा परातीत ठेवला आणि वरून काच झाकली. आई खूश. वारा कुठूनच शिरणार नाही. ज्योत आधी लांबली, मग डुलायला लागली, मग बारीक होत होत गेली.

"विझला," आई म्हणाली. "कूलर तर बंद आहे!"

"खालून हवा नाही त्याले," बाबा म्हणाले. "वरून गरम हवा जाते, तर खालून दुसरी यायले पाहिजे. काच उचल थोडी."

आईने पूजेच्या ताटातल्या तीन सुपाऱ्या दिल्या, दिवा पुन्हा पेटवून त्यांच्यावर काच टेकवली. खाली बोटभरही फट नाही, पण ज्योत लगेच सरळ उभी राहिली. मग कूलर लावला आणि ती त्याच फटीतून आडवी झाली. आई म्हणाली, फडकं गुंडाळ. बाबांनी मान हलवली. फडक्याने पुन्हा कोंडेल. त्यांनी परात काढायला लावली आणि स्वयंपाकघरातला खोल गंज आणायला सांगितला, आम्ही ज्यात वरण शिजवतो तो. गंजात दिवा, सुपाऱ्या, काच. आता कूलरचा वारा गंजाच्या काठावर अडायचा आणि हवा काठावरून हळूच खाली उतरून काचेत शिरायची. राहिलं वरचं तोंड. तिथून झोत खाली घुसला की ज्योत दचकायची. आईने वर ताटली ठेवली, दिवा पुन्हा गेला.

"गाळणी," बाबा म्हणाले.

"चहाची?" आई उभीच राहिली. "देवाच्या दिव्यावर उष्टी गाळणी?"

खालच्या दुकानातून नवी स्टीलची गाळणी आली, ती पालथी काचेच्या तोंडावर बसली. धूर वर जात होता, झोत आत येत नव्हता. बाबांनी बोटाने खूण केली, कूलर एकवर. ज्योत हलली नाही. दोनवर. तीनवर देव्हाऱ्यातली फुलं उडाली, आईचा पदर उडाला, भिंतीवरचं कॅलेंडर फडफडायला लागलं आणि गंजातली ज्योत तशीच उभी. वारा सरळ आत गेला. बाबांचे कपाळावरचे केस मागे गेले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. कितीतरी महिन्यांत त्यांचा चेहरा असा पाहिला नव्हता. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, कारण त्या चेहऱ्यावर समाधान होतं आणि त्याचा काहीएक उपयोग नव्हता.

दुसऱ्या दिवशी मुहूर्तावर दिवा लागला. आई आणि मी पाळीपाळीने त्याच्याजवळ बसलो, मी कचेरीतून रजा घेतली. तेल घालताना, काजळी झाडताना काच उचलावी लागे, तेव्हा आई आधी त्याच ज्योतीवरून एक छोटी पणती पेटवून बाजूला ठेवी. मोठा गेलाच तर त्याचीच आग परत त्याला मिळावी. ती पणती कामी आलीच नाही. कूलर चालूच राहिला, तरी तो जरा वेगळा गुरगुरला की आई दचकून गंजात डोकावायची.

बाबा रोज सकाळी विचारायचे, "सरळ आहे?" आम्ही म्हणायचो, सरळ आहे. मग मधल्या दिवसांत त्यांना तेवढंही बोलवेना. ते दाराकडे पाहत एक बोट उभं धरायचे आणि आम्ही मान हलवायचो. पाय सुजले, ओठ निळसर दिसायला लागले, मशीनचा आकडा वाढवत नेला तरी दम पुरेना. मी ते पाहत होते आणि आईलाही दिसत होतं, पण तिने सगळा हिशेब दिव्याशी लावून ठेवला होता. "ज्योत पाह्य कशी आहे," ती मला म्हणायची. "जरा तरी हलली का?"

रामनवमीला दिवा तसाच उभा होता. आईने आरती केली, शेजारणींना बोलावलं, शिऱ्याचा एक कण बाबांच्या जिभेवर ठेवला. त्यांना तो गिळायलाही त्रास झाला. आईच्या चेहऱ्यावर मात्र परीक्षा पास झालेल्या पोरीचा आनंद होता. तिच्याकडून काही कमी पडलं नव्हतं. मला तिच्याकडे पाहवेना.

पुढच्याच आठवड्यात बाबा गेले. दुपारची वेळ होती, कूलर चालू होता. फोनवर नातेवाईक म्हणायला लागले, दिवा मालवावा तसे शांत गेले असतील. असं बोलणाऱ्यांचा मला अजूनही राग येतो. ते शांत गेले नाहीत. शेवटपर्यंत मान वर करून, गादीची चादर मुठीत धरून हवा ओढत होते, आणि एवढा वारा तोंडावर असून त्यांना ती मिळत नव्हती. मी त्यांचा हात धरून होते. मला दुसरं काही करता आलं नाही.

तेरवी झाली, माणसं पांगली. मशीनवाला येऊन मशीन घेऊन गेला. त्या दुपारी मी आणि आई रिकाम्या खाटेवर बसलो होतो. सुतक फिटलं तरी तिने देवाचं नाव घेतलं नव्हतं, देव्हाऱ्याला हातही लावला नव्हता. पूजा मीच, मला येत नसताना, उरकत होते. तिने खाटेच्या कडेवरून एकदा हात फिरवला. मग माझ्याकडे वळून, अगदी हळू आवाजात म्हणाली,

"खरं सांग मले. मी झोपली असताना विझला होता न वं तो? तू परत लावला असशीन. मले वाईट वाटू नये म्हणून सांगितलं नसशीन."

तिला काय पाहिजे होतं ते माझ्या लगेच लक्षात आलं. मी हो म्हटलं असतं, तर तिला कारण मिळालं असतं. तिने माझ्यावर आग पाखडली असती, कूलरच्या नावाने बोटं मोडली असती, जन्मभर मला बोल लावला असता, पण तिचा देव तिला परत मिळाला असता. हो माझ्या जिभेवर आलंही होतं. पण तो गंज, त्या सुपाऱ्या, ती गाळणी, हे बाबांनी हाती घेतलेलं शेवटचं काम होतं आणि ते त्यांनी चोख केलं होतं. ते फसलं असं माझ्या तोंडून निघेना.

"नाही आई," मी म्हटलं. "एकदाही नाही विझला."

मी अजून काही बोलेन म्हणून तिने वाट पाहिली.

"मग काहून?" ती म्हणाली.