प्रेमदासच्या नावाचा बिल्ला

जवळा बाजारजवळच्या तांड्यातल्या थावरा राठोडचा ऊसतोडणीत हात धरणारा कोणी नव्हता. धाकट्या भावाचे, प्रेमदासचे, लाड करण्यातही नव्हता. फडात हजेरी घराची धरतात. एक भाऊ बसला तर दुसरा त्याचं काम ओढतो, मुकादम काही विचारत नाही. हीच सवय थावराला नडली.

सत्त्याण्णव साली मुकादमानं दोघांना दूरच्या एका अणुवीज केंद्रावर नेलं. अणुभट्टीतून पाणी खेळवायचं, तिची उष्णता काढायची आणि त्या उष्णतेनं वाफ करून वीज बनवायची, असा तिथला कारभार. दुरुस्तीला भट्टी बंद केली की नळांतून गळलेलं पाणी फडक्यानं टिपून बादलीत पिळायला माणसं लागत. घरी घागरभर पाण्यासाठी कोसभर चालणारी माणसं तिथं पाणी पुसत होती! प्रत्येकाच्या छातीवर त्याच्या नावाचा बिल्ला असे. त्या पाण्यातले न दिसणारे घातक किरण अंगावर किती पडले ते त्यावरून कळे आणि मर्यादा भरली की माणसाला आत सोडत नसत.

थावराला बाहेर सिमेंट कालवायचं काम मिळालं, प्रेमदासला आतलं. प्रेमदासचं नुकतंच लग्न झालेलं.

"भाऊ, मले लई भ्या वाटून राहिलं."

"मंग तू भाईर ऱ्हा. मी जातो. काम घरचंच हाय."

दोघांनी बिल्ले बदलले. महिन्याभरात प्रेमदासच्या नावाचा बिल्ला भरला. एवढे किरण सोसले म्हणून साहेबांनी प्रेमदासला बागेच्या कामावर घेतलं आणि पुढं कायम केलं. थावरा तांड्यावर परतला.

दोन हजार चार साली थावराच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. नांदेडच्या डॉक्टरांनी रक्ताचा आजार सांगितला. केंद्राच्या दवाखान्यात जुन्या मजुरांवर मोफत उपचार होत, पण त्यासाठी रजिस्टरात किरणांचा आकडा लागे. बायको मिराबाई थावराला घेऊन तिथं गेली. कारकुनानं पानं उलटली.

"थावरा राठोड? यांना काहीच लागलेलं नाही."

मिराबाई त्याला घेऊन तडक प्रेमदासच्या क्वार्टरवर गेली. "भावजी, सायबाला येकदा खरं सांगा. तुमच्या भावाचा जीव वाचल."

प्रेमदासनं मान खाली घातली. "वहिनी, बिल्ले बदलले म्हणलं तर नोकरी जाईल. मले लेकरं हायेत."

"आन् आमाला काय न्हाईत?"

प्रेमदासची नोकरी कायमची होती ना! मिराबाईचा जीव संतापानं जळत होता. पायरीवर बसलेला थावरा मात्र एवढंच म्हणाला, "चल. त्याला भ्या वाटतंय. पयल्यापासूनच."

दिवाळीच्या आधी थावरा गेला. प्रेमदास पोचला तो दुसऱ्या दिवशी, माती झाल्यावर. आदल्या दिवशी त्याची वर्षाची तपासणी होती. किरण लागलेल्यांना ती चुकवता येत नाही.

मिराबाईनं त्याला पाण्याचा तांब्या दिला आणि विचारलं, "काय म्हणले डाक्टर?"

"समदं बराबर हाय म्हणले," प्रेमदास म्हणाला.