सावलीकडे सरकणाऱ्या दोन पार्ट्या

थोरल्या आत्याने जन्मभर कुणाची बाजू घेतली नाही. गावात वाद लागला की कोण काय बोलतंय हे सोडून ती कोण कुठे बसलंय तेवढंच बघायची. निजामाच्या त्या काळात सोनपेठजवळच्या आमच्या गावात दोनच पार्ट्या होत्या, पाटलांची आणि देशमुखांची. दोन्ही लिंबाच्या पारावर बसत. पारासमोरच आमचं घर, आणि दारात डाळ निवडत आत्या.

"बघ," ती मला म्हणे, "सकाळी दोघंबी देवळाकडं होते. आता सावलीमागं चावडीकडं सरकायलेत. मधलं अंतर तेवढंच हाय."

पोरींच्या शाळेचा वादही तिने असाच बघितला. पाटील म्हणाले, पोरींना शाळा नकोच. देशमुख म्हणाले, दुसरीपर्यंत चालेल. मग तालुक्याहून आलेले साहेब पोरींच्या शिक्षणाबद्दल चार शब्द बरे बोलून गेले. पुढच्या वर्षी पाटील दुसरीवर आले, देशमुख चौथीवर गेले आणि भांडण पहिल्याइतकंच कडाक्याचं झालं. त्या भांडणात माझं नाव शाळेत लागलं.

"आता हे असेच पुढं जातील ना, आत्या?"

"सावली फिरंपर्यंत," ती म्हणाली.

निजामाच्या शेवटच्या वर्षी गावोगाव धाडींची भीती पसरली. देशमुख म्हणाले, मोठ्या पोरी घरी ठेवा. पाटील म्हणाले, सगळ्याच ठेवा. आठवड्याभरात देशमुखही तेच म्हणू लागले आणि पोरींची शाळा बंद पडली. मी तिसरीत होते. मला इतका राग आला की दोन दिवस जेवले नाही.

आत्याने समजूत घातली नाही. तिसऱ्या दिवशी सूप घेऊन ती सरळ पारावर जाऊन बसली, भर उन्हाच्या बाजूला. आमच्या गावात बाई पारावर बसत नसे. मला शेजारी बसवून म्हणाली, "उन्हात कोन येत न्हाई. वाच."

पाटलांना वाटलं, देशमुखांनी परवानगी दिली असेल. देशमुखांना वाटलं, पाटलांनी. शाळेच्या भांडणापासून एकमेकांशी बोलणं बंद असल्यामुळे विचारणार कोण? शाळा पुन्हा उघडेपर्यंत मी रोज तिथे मोठ्याने वाचलं. पुढे मी मास्तरीण झाले, तेव्हा पोरींची शाळा आपणच टिकवली असं दोन्ही पार्ट्या सांगू लागल्या. आत्याने तेही खोडून काढलं नाही.

ती गेली तेव्हा दोन्ही पार्ट्या आमच्या दारी आल्या आणि लिंबाच्या सावलीत उभ्या राहिल्या. मला रडू आवरत नव्हतं. मी उन्हात जाऊन उभी राहिले.