हवा कोणी सोडली?

थंडीत टायरमधली हवा थोडी कमी होते. बोरगाव मेघेतल्या आमच्या गल्लीत ती एका सकाळी सगळ्याच गाड्यांतून सपशेल संपली.

आदल्या दिवशी मी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला होता. हिवाळ्यात लांब जायचं तर हवा तपासा, नक्षी झिजली का पाहा, भेगा पाहा, स्टेपनी पाहा. दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्हाला वडनेरला निघायचं होतं, बायकोच्या भाचीच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला. रस्त्यावर धुकं असणार! मी गाडीभोवती फिरलो, प्रत्येक टायरला एकेक लाथ घातली (व्हिडिओत लाथ नव्हती, ती माझी भर) आणि जेवताना बाबांना टायर या विषयावर व्याख्यान दिलं. बाबांनी सारी नोकरी एसटी चालवण्यात घालवलेली. म्हणजे मी मासोळीला पोहणं शिकवत होतो!

आई गेल्यापासून बाबांचं विसरणं फार वाढलं होतं. ते शांतपणे भाकर मोडत म्हणाले, “मंग टायरात हवाच नसली तं जाता येत नाई?”

“अजिबात नाई, बाबा!”

“हं,” बाबा म्हणाले आणि वरण ओढून घेतलं.

सकाळी फाटक उघडलं, तर आमची गाडी चिखलात म्हैस बसावी तशी बसलेली. चारही टायर चपटे! मी बोंबललो. शेजारचे ढोकेकाका लुंगीवरच धावत आले आणि स्वतःच्या गाडीकडे बघून माझ्यापेक्षा मोठ्यानं बोंबलले. मग पलीकडचे, मग समोरचे. धुक्यातून एकेक आरोळी उठत होती.

अशा वेळी कोणीतरी पुढारीपण घ्यावं लागतं. मी ओट्यावर चढलो. “हे टवाळ पोट्ट्यायचं काम हाये! असल्या लोकाले चौकात उभं करा लागते!”

“फटके द्या लागते,” बाजूला उभे असलेले बाबा म्हणाले.

जरीचं लुगडं नेसून माझी बायको वैशाली फाटकात उभी होती. “अहो, भाषन मंग द्या. पहिले हवा भरा!”

पण मला न्याय हवा होता. “काका, तुमचा कॅमेरा हाये ना? लावा!”

ढोकेकाकांनी मोबाइलवर चित्रण लावलं. सगळी गल्ली त्या एवढ्याशा पडद्यावर वाकली. धुक्यातून एक माणूस आला. माकडटोपी, अंगावर बाईमाणसाची शाल. एकेका टायरजवळ तो गुडघे धरून बसायचा, टोपण काढायचा, हवा सोडायचा, टोपण पुन्हा घट्ट बसवायचा. आणि उठताना बैलाच्या पाठीवर थोपटावं तसं टायरला थोपटायचा.

शाल माझ्या आईची होती.

वैशालीनं तोंडाला पदर लावला. ढोकेकाका माझ्याकडे बघेनात. साऱ्या गल्लीनं ओळखलं. एकट्या बाबांनी नाही.

“कोन बे हा म्हातारा?” बाबा मोबाइलजवळ तोंड नेत म्हणाले. “डोकं फिरेल दिसते. याच्या घरचे लोक लक्ष देत नाईत काय याच्याकडे?”

याच्या घरचे लोक अजूनही ओट्यावर, पुढाऱ्याच्या जागी उभे होते!

कोणीच हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. ढोकेकाकांनी मोबाइल खिशात घातला. “ओळखू येत नाई, भाऊ. धुकं लय हाये.” आणि ते पायानं मारायचा पंप आणायला गेले.

मी बाबांना घरात आणून खुर्चीवर बसवलं. “बाबा, त्या मानसानं काऊन केलं असन असं?”

समोर टेबलावर, आम्ही वडनेरला जाणार म्हणून त्यांच्यासाठी झाकून ठेवलेला दिवसभराचा डबा होता. बाबा त्याच्याकडेच बघत होते.

“सारे निंघून जातेत ना सकाळी सकाळी,” ते म्हणाले. “एकटा पडत असन बिचारा.”

वैशालीनं तो डबा उघडला, भाजी परत कढईत ओतली आणि बाबांचा इस्त्रीचा सदरा कपाटातून काढला.

गल्लीभर हवा भरून होईस्तोवर ऊन वर आलं. वडनेरला पोचलो तेव्हा अंगठ्या घालून झाल्या होत्या, मांडवात जेवणं उठत होती.

“एवढा उशीर काऊन, जावाई?” सासरेबुवांनी विचारलं.

“टायर तपासत होतो,” मी म्हणालो. खोटं काय होतं त्यात?

जेवणं झाल्यावर बाबा माझ्या शेजारी बसले. इस्त्रीच्या सदऱ्यात, खुशीत. मी खुर्चीखाली वाकलो होतो.

“काय बे, तो हवा सोडनारा मानूस सापडला काय?”

“शोधून राह्यलो, बाबा.”

“अन् आता खाली काय पाह्यतं?”

“चष्मा सापडत नाई.”

बाबांनी कीव आल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. “डोक्श्यावर हाये ना बे तो! तू काय धुंडशीन त्या मानसाले?”