काकांच्या नावाचं खातं

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्याची शिक्षा चुलतबहीण शीतलच्या लग्नपत्रिकांना भोगावी लागली.

दहिवलीत काकांचं झेरॉक्स आणि छपाईचं दुकान आहे. मागच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर मी लिनक्स टाकलं, दुकानाच्या सगळ्या फायली त्यावर ठेवल्या आणि पुढच्या विंडोजवाल्या कॉम्प्युटरवरून त्या उघडतील अशी सोय केली. (हे करायला मला कुणीही सांगितलं नव्हतं, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.) खातं मात्र काकांच्या नावाने उघडलं, 'dattaram'. दुकान त्यांचं, मी माझं नाव कसं देणार? चार दिवस काका स्वतः नाव टाकून काम करत होते. सगळं सुरळीत!

पाचव्या दिवशी काका मंडपवाल्याला भेटायला कळंबला गेले, दुकानातला एकमेव पेनड्राइव्ह खिशात घेऊन. नेट सकाळपासून बंद. आणि नवरदेवाचे मामा खालापूरहून टेंपो घेऊन दारात! तिकडच्या पत्रिका आजच न्यायच्या होत्या. उद्या पहाटेपासून ते आमंत्रणांना निघणार होते.

"काकू, तू पुढच्या, प्रिंटरच्या कॉम्प्युटरवर बस. नाव आणि पासवर्ड विचारेल, दोन्ही टाक," मी मागच्या खोलीतून ओरडलो. काकू निम्म्या तालुक्याचे अर्ज टाइप करते. तिच्यावर शंका घ्यायचा प्रश्नच नव्हता.

"नाय म्हनतोय रं!"

"काय म्हणतोय?"

"परवानगी नाय म्हनं. आपल्याच दुकानात!"

मी सर्व्हर, म्हणजे मागचा जुना कॉम्प्युटर, बंद करून चालू केला. नाय! पासवर्ड बदलला. नाय! आणखी तीनदा बदलला. फायरवॉल काढून टाकली. शेवटी तो फोल्डर अख्ख्या जगाला उघडा करून टाकला. (कॉलेजातल्या सरांना कळलं तर माझं काही खरं नाही.)

"नाव नीट टाकलंस ना?"

"नीटच टाकलंय की!"

"पोरगा इंजिनियर हाय ना?" मामांचा आवाज आला.

"व्हतोय अजून," काकू म्हणाली.

घाम पुसत मी सर्व्हरची नोंद उघडली आणि खुर्चीतच गार पडलो. कोण आलं, कोणाला नाकारलं, सगळं तिथे लिहिलेलं असतं. एकोणीस वेळा एकच नाव नाकारलं होतं: 'shitalchebaba'!

मी पुढे धावलो. "काकू, हे काय टाकलंस?"

"नाव."

"काकांचं नाव टाकायचं होतं!"

काकूने पदर सावरला, मामांकडे चोरून पाहिलं आणि कुजबुजली, "त्यांचंच हाय की. शीतल झाल्यापासून मी त्यांना हेच म्हनते. व्याह्यांच्या मानसांसमोर नवऱ्याचं नाव लिवू व्हय रं?"

"अगं, अर्जांवर रोज शंभर नावं लिहितेस!"

"ती दुसऱ्यांच्या नवऱ्यांची."

मला खरोखर धक्का बसला. दोन वर्षांत हा मुद्दा एकाही सरांनी शिकवला नव्हता! मी तिला बाजूला करून स्वतः 'dattaram' टाकलं. नाकारलं! आता पासवर्ड चुकत होता. चार वेळा बदललेल्यांपैकी शेवटचा कोणता, हे मलाच आठवेना.

मामा उठले. "पोरा, टेंपो रिकामा नेऊ का?"

मी मागे पळालो आणि मुकाट्याने 'shitalchebaba' या नावाचं नवं खातं उघडलं. काकूने एका दमात टाइप केलं. फोल्डर उघडला, प्रिंटर घरघरला आणि पत्रिका बाहेर येऊ लागल्या.

"काय झालं व्हतं नक्की?" गठ्ठा उचलताना मामांनी विचारलं.

"सर्व्हरला जरा... त्रास होता," मी म्हणालो.

मामा काकूकडे वळले. "वहिनी, लग्नात ह्याच्याकडं काय जबाबदारीचं देऊ नका."

लग्नात सगळ्या भावांना कामं वाटली. घराण्यातला एकमेव कॉलेजवाला म्हणून मला पाण्याचे जार सांभाळायला दिले. तेही झाकणं आधीच उघडून!