डोसे झाले, आता जेवायला वाढा

आमच्या खानावळीत जेवायला येणाऱ्यांत सगळ्यात दमलेली माणसं गिरणी कामगार असतील, असं कुणालाही वाटेल. तसं नव्हतं. कामगार दुपारी भोंगा झाला की यायचे, हातपाय धुऊन पंगतीत बसायचे आणि पोटभर जेवून जायचे. ते गेले, आम्ही उष्टी काढायला लागलो, की मागच्या दारानं दोघं जण यायचे. ते खरे दमलेले. दोघंही आचारी. एक स्टेशनकडच्या उडपी हॉटेलात डोसे घालणारे अण्णा, दुसरे मटणाच्या खानावळीतले चाचा. सकाळपासून जगाला खायला घालून स्वतःच्या हातचं अन्न त्यांच्या घशाखाली उतरत नसे. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्यांच्यापुढं ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी आणि दही ठेवायच्या. मागच्या पडवीत बसून दोघं आधी पोटभर जेवायचे. चार ढेकर निघाले की गप्पा.

सत्तरच्या दशकातलं सोलापूर ते. दुष्काळ नुकताच सरला होता, रेशनच्या लाल मिलो ज्वारीची चव अजून जिभेवरून गेली नव्हती. मी नवी सून, आणि अकरावी पास, म्हणजे तेव्हाची मॅट्रिक. हे अकरावी पास मी भाजीवालीलासुद्धा सांगत असे. तिनं त्यापायी कधी कोथिंबिरीची काडी जास्त दिली नाही, तो भाग वेगळा.

आत्याबाईंचा उजवा खांदा कामातून गेला होता. खानावळीत भाकरी तव्यावरून थेट ताटात पडली पाहिजे, त्यामुळं पंगत चालू असेस्तोवर थापणाऱ्या बाईला उठता येत नाही. अशी त्यांची कितीतरी वर्षं गेली होती. आता हात वर उचलून वेणीसुद्धा घालता येईना, ती मी घालून द्यायची. भाकरीला बाई मिळाली की दोन महिन्यांत पळायची. शेवटी त्या म्हणाल्या, दिवाळी झाली की खानावळ बंद.

मला खानावळ बंद व्हायला नको होती आणि तव्यापुढं बसायचंही नव्हतं. अकरावी पास बाईनं धुरात बसायचं म्हणजे काय. म्हणून मी तोड काढली की खानावळीचं हॉटेल करायचं. टेबलं, खुर्च्या, भिंतीला मोठा आरसा आणि गल्ल्यावर मी. गल्ल्यावर बसताना कुठलं पातळ नेसायचं तेसुद्धा ठरलं होतं. मोतिया रंगाचं, बारीक काठाचं. आत चुलीशी कोण बसणार, तेवढं ठरायचं राहिलं होतं.

तेव्हा रोज दुपारी मी त्या दोघांना खोदून खोदून विचारायला लागले. हॉटेल कसं चालतं, गिऱ्हाईक कशानं येतं. दोघं मला परोपरीनं सांगत होते, की नको. अण्णा पाय पुढं करून दाखवायचे. दिवसभर उभं राहून घोटे मडक्यासारखे सुजलेले. वर्षातून एकदा ते समुद्राकडच्या आपल्या गावी जायचे, तर नवरा आला म्हणून बायको कौतुकानं डोसे घालायची. हे मान खाली घालून खायचे. चाचांचं दुखणं निराळं होतं. गिऱ्हाईक म्हणे रस्सा पातळ, मालक म्हणे घट्ट झाला, पाणी घाल. दोघांचं ऐकता ऐकता त्यांच्या दाढीला धुराचा वास कायमचा बसला होता.

"बेटी, हाटेल कायकू खोलती?" चाचा म्हणाले. "दिखता बैठने का काम, पर बैठने मिलता नई."

मी गल्ल्यावर बसणार आहे, असं मी त्यांना समजावून सांगितलं. अण्णांनी चाचांकडं पाहिलं, चाचांनी दह्याच्या वाटीत पाहिलं.

शेवटी अण्णांना दया आली की कंटाळा, माहीत नाही. हॉटेलातून सुट्टी मिळेल त्या दिवशी येऊन डोसे घालून दाखवतो म्हणाले. चालले तर चालले. आत्याबाईंनाही दुपारभर खांद्याला विसावा मिळेल म्हणून मी त्यांना पटवलं. "कर बाई," एवढंच त्या म्हणाल्या आणि भिंतीला टेकून बसल्या.

अण्णांनी पीठ आणलं, बटाट्याची भाजी आणली, तवासुद्धा स्वतःचा आणला. आमचा भाकरीचा तवा मी पुढं केला तर त्यांनी हात मागं घेतला. आत्याबाईंना ते अक्का म्हणत. "अक्कांच्या तव्याला तेल लागू नये, अम्मा. उद्या भाकरी धरणार नाही." उद्या भाकरी कोण करतंय, असं मी मनात म्हटलं.

भोंगा झाला. कामगार आले, बसले. मी केळीच्या पानावर डोसे वाढत सुटले. पानंसुद्धा मी खास आणवली होती. लोक खूश. खात होते, मागत होते, अण्णांचा हात चालत होता. मी मनातल्या मनात आरसा भिंतीला ठोकला. पीठ खरवडून संपलं. अण्णांनी कपाळ पुसलं. पण पंगत काही उठेना. सगळे मांडी घालून, पुढं बघत, शांत बसलेले. मग टोकाला बसलेले एक म्हातारे विणकर अदबीनं म्हणाले, "वैनी, न्याहारी लई झकास झाली. आता जेवायला वाढा की."

मी म्हटलं, हेच जेवण होतं.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. भाकरीशिवाय उठायचं कसं, हे त्यांना खरोखरच कळत नव्हतं, आणि दुपारभर मागावर उभं राहायचं होतं.

आत्याबाई उठल्या. पिठाचा डबा ओढला, काथवट घेतली, कोरडा तवा चुलीवर चढवला. तीन-चार भाकरी झाल्या. पुढच्या भाकरीला हात वर गेला तो तिथंच थांबला. चेहऱ्यावर काही नाही, नुसता हात खाली येईना. मी काही विचार केला, असं म्हणणार नाही. पंगत बसलेली होती, तवा तापलेला होता. मी त्यांना जरा सरकवून गोळा माझ्याकडं घेतला.

माझ्या भाकऱ्यांचे काठ फुटत होते. कुणीतरी हातातली भाकरी उलटसुलट करून, ही कुणाची, असं विचारलं.

"खावा गप," आत्याबाई म्हणाल्या. "उद्या गोल व्हईल."

तिसऱ्या प्रहरी चाचा आले. अण्णा होतेच. दोघांपुढं मी माझ्या करपलेल्या भाकऱ्या ठेवल्या. चाचांनी एक संपवली, दुसरी मागितली आणि हॉटेलाचं काय झालं ते विचारलं नाही. त्यांच्यासारखा चांगला माणूस मी नंतर फारसा पाहिला नाही.

दिवाळी आली, गेली, खानावळ चालूच राहिली. पुढं गिरणीचा भोंगा बंद पडेपर्यंत त्या तव्यापुढं मी बसले. आता माझ्या खांद्याला नात तेल चोळते. ती हॉटेलचं शिक्षण घेतेय, आणि मधूनच मला, तू शेफ होतीस का गं, म्हणून विचारते. मी तिला जरा जोरात चोळ म्हणते.

त्या दिवाळीपासून गल्ल्यावर आत्याबाई बसल्या. पैसे घ्यायला डावा हात पुरायचा. पाडव्याला मी ते मोतिया पातळ घडी मोडायला त्यांना दिलं. मला वाटलं, नको म्हणतील. त्या लगेच नेसल्या, आणि त्यांना ते माझ्यापेक्षा बरं दिसायचं.