अजून एक फेरी

माझी आई स्कीइंग करताना गेली. वय छप्पन्न.

आज वर्ष झालं.

"या वयात हे थेर कशाला?" भेटायला आलेल्या निम्म्या लोकांनी विचारलं. उरलेल्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

तर ऐका.

इथे आखातात, ऊद मेथाच्या शाळेत तिने बावीस वर्षं गणित शिकवलं. पन्नाशीला मॉलमधल्या कृत्रिम बर्फाच्या उतारावर पहिल्यांदा उभी राहिली आणि अकरा वेळा आपटली. तिचाच सातवीतला विद्यार्थी "सॉरी मॅम" म्हणत बाजूने सुर्रकन गेला.

मग ती पेटलीच. दर शनिवारी सकाळी हजर. बाहेर पंचेचाळीस डिग्री आणि ही बाई गाडीत लोकरीची टोपी घालून बसलेली.

वेग तिला आवडायचा. भीती वाटायची, तीही आवडायची. हे तिनेच मला सांगितलंय.

गेल्या वर्षी आम्ही दोघी जॉर्जियाला गेलो. खरे डोंगर.

मॉलमधला बर्फ सकाळी जसा, तसाच रात्री. आम्हाला तेवढाच माहीत. डोंगरावर ऊन कललं की भुसभुशीत झालेला बर्फ परत गोठतो, काचेसारखा गुळगुळीत होतो. इन्स्ट्रक्टरने बजावलं होतं, तीननंतर वर जाऊ नका. आम्ही माना डोलावल्या.

लोक म्हणतात, हट्टी होती, ऐकलं नाही.

साफ खोटं. आणि वर्षभर मी ते चालू दिलं.

साडेतीनला ती बूट काढायला बसली होती. मी म्हटलं, "यल्ला आई, चल, अजून एक फेरी."

ती हसत उठली.

उतरताना एका वळणावर तिच्या स्कीची बर्फावरची पकड सुटली. ती थेट झाडांत गेली. हेल्मेट होतं, उपयोग झाला नाही. मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

आज सकाळी हे बाबांना सांगितलं. वाटलं, आता ते माझं तोंड बघणार नाहीत.

त्यांनी एवढंच विचारलं, "वर जाताना काय बोलत होती?"

"म्हणाली, पुढच्या वर्षी तुझ्या बाबांना ओढत आणू."

बाबा हसले. मग खूप रडले. मीही.

तेव्हा ज्यांना बोलायचंय त्यांनी मला बोला, कमेंट्स उघड्या आहेत. तिच्याबद्दल एक शब्द खपवून घेणार नाही.

येत्या शनिवारी मी उतारावर जातेय. बाबाही येतायत. एकसष्ट वर्षांचे आहेत, भयंकर घाबरलेत आणि तरी येतायत.

आई, चूक माझी होती. तू शूर होतीस.

तुला मनापासून नमस्कार.